कुत्र्याला गोचीड ताप? गोळीच्या आधी रक्त तपासायला द्या

मुंबईत कुत्र्याने दोन वेळचं खाणं सोडलं आणि अंग तापलं, की बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला सल्ला ठरलेला असतो: डॉक्सी सुरू करा. सल्ला देणारे अगदीच चुकीचे नसतात. गोचिडींमुळे होणाऱ्या दोन आजारांवर डॉक्सिसायक्लिन हेच औषध आहे. पण ‘गोचीड ताप’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे आजार खपवले जातात, आणि उरलेल्या दोघांचं एकट्या डॉक्सीने काहीही बिघडत नाही. तुम्ही दहा दिवस निष्ठेने गोळ्या देता आणि तिकडे रक्त आटत जातं.

घरात पहिल्यांदाच कुत्रा आणलेल्यांसाठी आणि सोसायटीतल्या कुत्र्यांना खाऊ घालायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितो आहे. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टर काय बोलतात ते कळावं म्हणून. त्या वाचून केमिस्टकडे जाऊ नका.

आधी ओळख करून घ्या

एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू आहे, तो पांढऱ्या पेशींत राहतो. ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस हाही जिवाणूच, पण त्याचा मुक्काम प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींत. या दोघांना डॉक्सी लागू पडते.

बाबेसिया हा जिवाणू नाही. तो मलेरियाच्या जातकुळीतला एकपेशीय परजीवी आहे. तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो. त्याच्या दोन जाती आपल्याला भेटतात. मोठी जात व्होगेली, जी मोठ्या कुत्र्यांत बहुधा सौम्य असते आणि पिल्लांत उग्र होऊ शकते. आणि लहान जात गिब्सोनी, जी खरी डोकेदुखी आहे. ही गिब्सोनी आपल्याकडचीच म्हणायला हवी: पॅटन या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं ते मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तावरून. ती गोचिडीशिवायही पसरते. दोन कुत्रे कडाडून चावले, रक्त रक्ताला लागलं, की पुरे. आईकडून पोटातल्या पिल्लांनाही जाते.

चौथा हेपाटोझून कॅनिस. हा गोचीड चावल्याने होत नाही, कुत्र्याने गोचीड गिळली तर होतो. अंग चावताना कुत्रा गोचीड खातोच, त्यामुळे हा फरक तुमच्या हातात फारसा नाही.

एकाच कुत्र्यात यातले दोन-दोन पाहुणे एकत्र सापडणं अजिबात नवलाचं नाही. म्हणून एक सापडला की शोध थांबवायचा नसतो.

पायरी १: घरी काय बघायचं

नाक कोरडं की ओलं यावर ताप कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा आणि शेपटीखाली गुदद्वारात हळूच सरकवा. (त्या थर्मामीटरवर मार्करने कुत्र्याचं नाव मोठ्ठं लिहून ठेवा. कारण सांगायला नको.) कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्या ९८.६ शी तुलना करून घाबरू नका, पण १०३ च्या वर गेलं तर ताप आहे असं धरा. उलट ताप नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. जुनाट एर्लिकियात ताप नसतोच बऱ्याचदा.

मग ओठ वर करून हिरड्या बघा. अंगठ्याने दाबा, सोडा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. पोटाला जिथे केस नसतात तिथे, मांड्यांच्या आत आणि कानाच्या आतल्या बाजूला लाल-जांभळे ठिपके आहेत का पाहा. ते प्लेटलेट घसरल्याची खूण. लघवीचा रंग पांढऱ्या टाइलवर किंवा कागदावर नीट दिसतो. गडद चहासारखी लघवी म्हणजे तांबड्या पेशी फुटताहेत किंवा कावीळ आहे. झोपेत असताना छातीची वरखाली मिनिटभर मोजा. ती ३० च्या वर जात असेल तर लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

पांढऱ्याफटक हिरड्या, नाकातून रक्त, कॉफीसारखी लघवी, उभं राहता न येणं: यातलं काहीही दिसलं तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, आत्ता निघा. रात्र असेल तरीही.

आणि निघेपर्यंत क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन यातलं काहीही नको. ब्रुफेन आणि ॲस्पिरिन पोटात रक्तस्राव घडवतात, आणि इथे रक्त गोठवणाऱ्या पेशीच कमी असण्याची शक्यता आहे.

पायरी २: गोचीड शोधा, पण सापडली नाही तरी पुढे जा

बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. बारकी पिल्लं तिळाएवढी असतात, रक्त पिऊन फुगलेली मादी वाटाण्याएवढी राखाडी. काढताना चिमट्याने कातडीला टेकून धरायची आणि सरळ वर ओढायची. मग स्पिरिट किंवा साबणाच्या पाण्याच्या बाटलीत. नखाने चिरडायची नाही, काडी लावून जाळायची नाही, रॉकेल-पेट्रोल तर कुत्र्याच्या अंगावर नकोच.

‘आमच्याकडे एकही गोचीड नाही हो’ हे वाक्य प्रत्येक क्लिनिकमध्ये ऐकू येतं. चावून, पोट भरून ती कधीच गळून पडलेली असते. एर्लिकियाचा ताप चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. आज गोचीड नसणं हा कसलाच पुरावा नाही.

पायरी ३: रक्त, आणि तेही पहिल्या गोळीआधी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी. क्लिनिकमध्ये गेल्यावर डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे सांगा: औषध सुरू करण्याआधी रक्त काढा. रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवा असं मी म्हणत नाही. नमुना घ्या आणि लगेच, त्याच टेबलावर, पहिला डोस द्या. फरक पाच मिनिटांचा आहे. पण चार दिवस डॉक्सी पोटात गेल्यावर रक्त काढलं, तर जंतू इतके कमी झालेले असू शकतात की तपासणीत सापडत नाहीत, आणि मग नेमकं काय होतं हे कुणालाच कळत नाही.

मागायच्या गोष्टी दोन. जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेल्या, नळीत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. आणि काचेवर रक्ताचा स्मिअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पसरलेला पातळ थर. स्मिअरसाठी कानाच्या टोकाला सुई टोचून आलेला थेंब घेतला तर बाबेसिया सापडण्याची शक्यता वाढते, कारण बारीक रक्तवाहिन्यांत बाधित पेशी जास्त अडकतात. डॉक्टर पायाच्या शिरेतून रक्त घेत असतील तर ‘एक काच कानाची पण करूया का?’ असं विचारायला हरकत नाही. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

सीबीसी हातात आल्यावर तीन आकडे वाचा. प्लेटलेट: निरोगी कुत्र्यात साधारण २ ते ५ लाख. पीसीव्ही किंवा एचसीटी, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा: साधारण ३७ ते ५५ टक्के. आणि पांढऱ्या पेशी. ताप आहे, प्लेटलेट ४०,००० आणि पीसीव्ही ठीक, असं चित्र असेल तर संशय एर्लिकियाकडे जास्त झुकतो. पीसीव्ही २० वर आलेला, लघवी गडद, प्लेटलेटही कमी, तर बाबेसिया शोधलाच पाहिजे. तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम खाली असतील तर एर्लिकिया जुना होऊन हाडांतल्या मगजापर्यंत, जिथे रक्तपेशी तयार होतात तिथपर्यंत, पोचल्याची भीती असते, आणि ती बातमी वाईट असते.

एक सावधगिरी. मशीन प्लेटलेटच्या गाठी मोजू शकत नाही. रक्त काढताना जरा वेळ लागला, कुत्र्याने पाय ओढला, की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि रिपोर्टवर ‘१८,०००’ छापून येतं. घरी रडारड. अशा आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी कुणीतरी डोळ्यांनी स्मिअर पाहिला का, हे विचारा. माणसांच्या लॅबमध्ये कुत्र्याचं रक्त दिलंत तर हे विचारणं दुप्पट गरजेचं, कारण तिथली मशीन कुत्र्याच्या पेशींसाठी बसवलेली नसते.

स्मिअरमध्ये परजीवी दिसला तर एक नाव तरी पक्कं झालं. नाही दिसला तर मात्र आजार नाही असं होत नाही. एर्लिकियाचे पुंजके काचेवर क्वचितच सापडतात, आणि जुन्या गिब्सोनीत बाधित पेशी फार थोड्या असतात.

मग येतं किट. क्लिनिकमध्ये दहा मिनिटांत ठिपके दाखवणारं. त्यातलं बहुतेक सगळं प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर जे बनवतं ते, मोजतं; जंतू नाही. आजाराच्या पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं तयार नसतात, म्हणून निगेटिव्ह येऊ शकतं. आणि दोन वर्षांपूर्वी बरा झालेला कुत्राही पॉझिटिव्ह येऊ शकतो. शिवाय भरपूर वापरलं जाणारं ‘फोर-डीएक्स’ किट बाबेसिया तपासतच नाही. त्यामुळे ‘किट निगेटिव्ह, म्हणजे गोचीड ताप नाही’ हे ऐकलंत तर मान डोलावू नका.

नाव नक्की करायचं असेल तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी. त्याच जांभळ्या नळीतलं रक्त लॅबकडे जातं, रिपोर्टला काही दिवस लागतात आणि पैसे जास्त पडतात. माझं मत असं: पीसीव्ही पडलेला आहे आणि स्मिअर गप्प आहे, अशा कुत्र्यासाठी पीसीआरवर खर्च करा. नुसता ताप, प्लेटलेट थोड्या कमी आणि डॉक्सीने तिसऱ्या दिवशी शेपटी हलायला लागली, अशा कुत्र्यासाठी नाही केलं तरी चालेल. पैसे वाचवायचे असतील तर रक्त काढून लॅबला ‘नमुना ठेवता का’ असं विचारा, म्हणजे पीसीआर गरज पडली तरच नंतर करता येईल.

पावसाळ्यात आणखी एक आजार हुबेहूब हाच वेष घेऊन येतो: लेप्टो. ताप, कावीळ, गडद लघवी, आणि तुंबलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून आलेला. तो माणसालाही होतो. जून ते ऑक्टोबर या काळात पिवळे डोळे आणि गडद लघवी दिसली तर लेप्टोचीही तपासणी मागा आणि लघवी पुसताना हातमोजे घाला. गोचीड तापाचं तसं नाही. कुत्र्याला कुरवाळून, त्याच्याजवळ झोपून तो तुम्हाला होत नाही.

कुठे जायचं? जवळचे खासगी डॉक्टर बहुतेक वेळा पुरतात. मोठ्या सोयीसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, टॅक्सीवाल्याला ‘बैलघोडा’ म्हटलं की कळतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून सुरू झालं आहे.

पायरी ४: नावाप्रमाणे औषध

एर्लिकिया किंवा ॲनाप्लाझ्मा असेल तर डॉक्सिसायक्लिन, दिवसाला दर किलो वजनामागे १० मिलीग्रॅम, एकदम किंवा दोन भागांत. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला २०० मिलीग्रॅम. एर्लिकियासाठी मुदत २८ दिवस. हे २८ दिवस कुठेही लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण तीन दिवसांत कुत्रा जेवायला लागतो, दहाव्या दिवशी गादीवर उड्या मारतो आणि माणसं गोळ्या थांबवतात. जंतू मात्र प्लीहेत दडून बसतो. पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी तो मगज सुकवतो, आणि त्या टप्प्यावर औषध फारसं चालत नाही. जर्मन शेफर्डमध्ये हे चित्र जास्त उग्र दिसतं.

गोळी कोरडी घशात ढकलू नका. डॉक्सी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम करते. थोडं जेवण, मग चिकनच्या तुकड्यात गोळी, वर पाणी. दूध, दही, पनीर, कॅल्शियम किंवा लोहाचं टॉनिक दोन तास लांब ठेवा. ते औषध शोषू देत नाहीत. म्हणजे दहीभातातून गोळी देण्याची आपली आवडती युक्ती इथे बाद. ओकारी होत असेल तर स्वतः बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडून मात्रा विभागून मागा.

तीन-चार दिवसांत काहीच फरक नाही? मग पाचव्या दिवसाची वाट पाहू नका. एक तर नाव चुकलं आहे किंवा सोबत दुसरा कुणी आहे.

मोठ्या बाबेसियासाठी इमिडोकार्बचं इंजेक्शन, १४ दिवसांनी दुसरं. ते झोंबतं. नंतर लाळ गळणं, ओकारी, जुलाब होऊ शकतात, म्हणून बरेच डॉक्टर आधी ॲट्रोपिन टोचतात. अर्धा तास क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसा, लगेच रिक्षात घालू नका. हेपाटोझूनवरही हेच इंजेक्शन, पण दर १४ दिवसांनी, स्मिअर स्वच्छ होईपर्यंत; ते प्रकरण लांबतं. आपल्याकडे डायमिनाझिन हे दुसरं इंजेक्शनही वापरतात. त्याची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी आहे, जास्त झाल्यास मेंदूवर परिणाम होतो. वजन अंदाजाने नाही, काट्यावर करून घ्या.

गिब्सोनीला ही इंजेक्शनं दाबतात, संपवत नाहीत. कुत्रा सुधारतो, महिन्याभराने पुन्हा आडवा. तिच्यावर सगळ्यात भरवशाची जोडी म्हणजे ॲटोव्हाक्वोन, दर किलोमागे १३.३ मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, आणि ॲझिथ्रोमायसिन, दर किलोमागे १० मिलीग्रॅम दिवसातून एकदा. दोन्ही १० दिवस. ॲटोव्हाक्वोन स्निग्ध जेवणासोबतच शोषलं जातं, तेव्हा त्या दहा दिवसांत साजूक तुपाची कंजुषी नको. ते महाग आहे. मलेरियाच्या ज्या गोळीत ते प्रोग्वानिलसोबत येतं, तिने कुत्र्यांना ओकाऱ्या होतात, त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. परवडत नसेल तर क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सी असं त्रिकूट काही डॉक्टर देतात; ते बरेच आठवडे चालतं आणि कुत्र्याच्या पोटाची परीक्षा पाहतं.

पीसीव्ही १५ च्या आसपास आला आणि कुत्रा धापा टाकतोय, तर रक्त द्यावं लागतं. दाता २५ किलोच्या वरचा, तरुण, लसीकरण झालेला, आणि स्वतः गोचीड तापाची तपासणी करून घेतलेला हवा. शेजारचा लॅब्रेडोर धिप्पाड दिसतो एवढं पुरेसं नाही. पहिल्या वेळी रक्तगट जुळला नाही तरी बहुधा मोठी रिॲक्शन येत नाही, तरी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळवून पाहण्याची तपासणी, मागा.

प्लेटलेट फार खाली असतील तर डॉक्टर काही दिवस स्टेरॉइड देतात. घाबरू नका, आणि मनाने अचानक बंदही करू नका.

पपईच्या पानांचा रस हा विषय टाळता येत नाही. त्याने जंतू मरत नाही. कडू रस पाजण्याच्या झटापटीत कुत्रा उरलंसुरलं जेवणही सोडतो, म्हणून मी त्याच्या बाजूचा नाही. ‘शक्तीसाठी’ लसूण किंवा कांद्याचा रस्सा मात्र पक्का निषिद्ध: ते कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि बाबेसिया तेच काम करतोय.

सोसायटीतल्या कुत्र्याला २८ दिवस गोळी कशी द्यायची

एकाने सगळं अंगावर घेतलं की बाराव्या दिवशी ऑफिसची ट्रिप निघते. तीन-चार माणसं ठरवा आणि ग्रुपवर रोज ‘दिली’ एवढं टाका. तपासलेलं वजन, औषध आणि सुरुवातीची तारीख त्याच ग्रुपवर पिन करा. वॉचमनकाकांना सामील करून घ्या, रात्री कुत्रा कुठे झोपतो हे त्यांनाच माहीत असतं. गोळी उपाशीपोटी कुत्रा पकडून द्यायची नाही; रोजच्या जेवणातला पहिला घास साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा पटकन पुढे. मिक्स करून वाटीत टाकली तर शेजारचा कुत्रा खाऊन जातो. दिवसातून एकदाच देता येईल अशी मात्रा डॉक्टरांकडून मागून घ्या.

पायरी ५: भिंती

कुत्रा बरा झाला आणि गोचिडी घरात, तर पुढच्या वेळची तयारी झालीच. ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी खाली गळून भेगेत शिरते. पोट भरलेली मादी भिंतीवर चढून फटीत काही हजार अंडी घालते. उपाशी राहून ती महिनोन्महिने तग धरते. म्हणून चौकटीमागे, स्कर्टिंगच्या फटीत, बॉक्स बेडखाली, एसीच्या पाइपच्या भोकात आणि वॉचमनच्या केबिनमधल्या गोणपाटात बघा. गोणपाट फेकून द्या, अंथरूण गरम पाण्यात धुवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला ‘गोचिडींसाठी’ असं स्पष्ट सांगा, झुरळांची जेल इथे कामाची नाही. अंडी वाचतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच.

कुत्र्यासाठी फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सारोलेनर अशा गोळ्या आहेत; काही महिनाभर, एक साधारण तीन महिने चालते. त्या गोचीड चावल्यावरच मारतात, आणि एर्लिकिया काही तासांतच अंगात उतरू शकतो. म्हणून जास्त उपद्रव असलेल्या वस्तीत चावण्याआधीच रोखणारा फ्लुमेथ्रिनचा पट्टा जोडीला उपयोगी पडतो. दोन्ही एकत्र चालतील का ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्याला फिट येत असतील तर गोळीआधी सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं काहीही आणू नका, मांजर त्याने मरतं. आणि मुंबईत गोचिडींना थंडीची सुट्टी नसते, औषध बाराही महिने.

पायरी ६: पुन्हा रक्त

सुरुवातीला प्लेटलेट फार खाली असतील तर आठवड्याने, नाही तर दोन आठवड्यांनी सीबीसी. कोर्स संपल्यावर आणखी एक. बरा झाला का हे बघायला किट पुन्हा करू नका, ते अनेक महिने पॉझिटिव्हच येतं आणि विनाकारण दुसरा कोर्स सुरू होतो. गिब्सोनी असेल तर उपचारानंतर ६० आणि ९० दिवसांनी पीसीआर. दोन्ही निगेटिव्ह आल्या तरी त्या कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला देऊ नका, आणि मादी असेल तर तिची पिल्लं होऊ देऊ नका.